अर्पिताला दाखवण्याचा कार्यक्रम

भोकरदन, रविवार, १५ जून २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. अर्पिताचे कपडे पिशवीत भरता भरता. (पिशवी कशासाठी, ते पुढे येईल.)

तीर्थस्वरूप राधेश्याममामांना साष्टांग नमस्कार. सुमेधामामींनाही सांगावा. आपले गुडघे कसे आहेत? बियाण्यांच्या कंपनीत सध्या पेरणीची धावपळ असेल, तरी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. इकडे सर्व ठीक. (हे वाक्य पत्रात लिहावेच लागते, त्यावर फार भरवसा ठेवू नये.)

आपली भाची, म्हणजे माझी धाकटी बहीण अर्पिता, ‘जरा लाजाळू आहे’ एवढेच आईने आपल्याला फोनवर सांगितले असेल. ती नऊ वर्षांची आहे, मोजके शब्द बोलते आणि वर्गात कंटाळा आला की उठून निघते. मार्चमध्ये निघाली ती थेट संभाजीनगरच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टरने तिकीट मागितले, तेव्हा सापडली. गुरुजी म्हणाले, “आदिनाथ, एवढ्या लेकरांत मी एकटा. तिला तिच्यासारख्यांच्या शाळेत घाला.” तशी जागा जवळपास कुठेच मिळेना. शेवटी जालन्याच्या एका शाळेत एकच जागा आहे असे कळले. त्या एका जागेसाठी बाहेरचा पत्र्याचा मांडव माणसांनी भरलेला होता.

चूक झाली ती आईची. शाळा अर्पिताला ‘बघणार’ आहे एवढेच तिने ऐकले, आणि दैवशालाताईला बघायला पाहुणे आले होते त्या वेळची सगळी तयारी बाहेर काढली. आठवडाभर अर्पिताला नाव सांगायला, मिरची-टमाट्यावरून रंग ओळखायला आणि ग्लास न सांडता पाणी द्यायला शिकवले. त्या दिवशी नवा फ्रॉक, गजरा, सगळे बराबर. मांडवात जांब समर्थचे भारतभाऊ भेटले. पोराला घेऊन तिसऱ्यांदा आले होते. गजरा पाहून म्हणाले, “मावशी, पहिल्या खेपेला आमी बी असंच सजवून आणल्तं. त्याच्यामुळंच फिरून राह्यलो.” आईला वाटले, आपल्या पोरीवर जळतात.

आत शाळेच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी आईला विचारले, “एकटी कुठे निघून जाते का?”

“न्हाई हो, लई घरबशी!”

“रडते, ओरडते?”

“आवाज सुदिक न्हाई तिचा.”

मी खोकलो. आईने मला पाणी प्यायला सांगितले. तेवढ्यात अर्पिताने बाईंनाच पाण्याचा ग्लास नेऊन दिला, एक थेंब न सांडता. बाई म्हणाल्या, “किती गोड मुलगी आहे! मग इथे कशाला आणली?”

आई विजयी मुद्रेने बाहेर आली. म्हणाली, “पसंत पडली!” बाईंनी कागदावर लिहिले होते : साध्या शाळेत चालेल. (गुरुजींनी तो कागद वाचून तसाच माझ्या खिशात घातला.)

मी दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन बाईंना बसची हकीकत सांगितली. उद्या सोमवारी त्या पुन्हा बघणार आहेत. अटी दोन : आईला आणायचे नाही, आणि शाळेजवळ राहायची सोय हवी. कारण शाळेला वसतिगृह नाही आणि भोकरदनहून रोजचे येणे-जाणे तिला झेपणार नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
आदिनाथ

ता. क. : आपले घर शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. सोमवार ते शनिवार अर्पिता आपल्याकडे राहिली तर जागा मिळेल. तिचा बिलकुल त्रास नाही. लई घरबशी आहे.

ता. क. २ : वरची शेवटची दोन वाक्ये आई शेजारी बसून सांगत होती. आता ती अंघोळीला गेली आहे. दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी लागेल. मिक्सर लावला की अर्पिता किंचाळते, तिच्या कानांवर हात ठेवला की थांबते. भाताला वरण लागलेले चालत नाही.

ता. क. ३ : हे पत्र टपालाने आलेले नाही. फोनवर आपण नाही म्हणाला असतात, तर मी लगेच ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून पत्र तिच्याच हातात दिले आहे. ती दारात असेल, मी पिशवी घेऊन जिन्याखाली उभा आहे. तिने नमस्कार केला असेल, तर तो आमच्यापैकी कोणी शिकवलेला नाही.