त्यानं घरात घेतलं का?

पारनेर, रविवार, २१ फेब्रुवारी १९४३

आज चर्चमधल्या उपासनेत प्रेषितानं तुरुंगातून लिहिलेलं ते छोटं पत्र वाचलं. एका मालकाचा दास पळून गेलेला. प्रेषित मालकाला विनवतो, त्याला परत घे, पण दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. मी अर्थ बरा सांगितला, असं मलाच वाटलं. क्षमा वगैरे. तेवढ्यात म्हातारी सखूबाई जाजमावरून म्हणाली, "मास्तर, मंग त्यानं घेतलं का घरात?"

"पत्रात ते लिहिलेलं नाही, बाई."

"आसं कसं? मानूस दारात हुबा, आन् दार उघडलं का न्हाई ते कुनालाच ठावं न्हाई?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. घेतलं का घरात? एकट्यापुरती भाकरी टाकली, तीही करपली. माझी मार्था संगमनेरला जाऊन दोन वर्षं झाली. परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून मीच तिला म्हणालो होतो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिची तीन कार्डं आली. तिन्हींत एकच, बाबा, येऊ का? एकालाही उत्तर दिलं नाही. आणि लोकांना क्षमा शिकवतो! कोणत्या तोंडानं?

प्रेषित तरी शेवट कसा लिहिणार? दार मालकाचं.

आत्ता कार्ड घेऊन बसलो. 'ये' लिहिलं. मग ते खोडलं. जावयाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'दोघंही या.'