“वर चला”

४ मार्च
आज तोंडाला कुलूप लागलं, तेही विमानात! खाली येताना कंट्रोलने सांगितलं, सात हजार फुटांवर थांबा. हेडमास्तरांनी (आमचे कॅप्टन — आम्ही सहवैमानिक पाठीमागे त्यांना असंच म्हणतो) यंत्रावर सहा हजारांचा आकडा लावला. एकाने आकडा लावायचा, दुसऱ्याने बोट दाखवून मोठ्याने वाचायचा, हा नियम. मी बोट दाखवलं आणि गप्प बसले. म्हटलं, एवढा मुरलेला माणूस, त्यांना काही ठाऊक असेल. शेवटी कंट्रोलनेच टोकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मार्च
एकोणीसला माझी उड्डाणाची अंतिम तपासणी — त्यांच्याच हाती! पास झाले तर नोकरी कायम. आईला काही सांगितलं नाही.

८ मार्च
हेडमास्तरांनी स्वतःच कंपनीला लेखी कळवलंय. मला वाचायला दिलं. “आकडा मी चुकवला. सहवैमानिक बोलू शकली नाही, तीही माझीच चूक.” खाली ठसठशीत सही. मी बघतच राहिले. इतका मोठा माणूस असं लिहू शकतो?
वर म्हणाले, “चुकलो तर सरळ टोक. तिथे दोघं कशाला बसवलीत मग?”

१९ मार्च
तपासणी. जाताना विमान मी चालवलं, येताना त्यांनी. उतरताना हलकं धुकं. धावपट्टीवर काळं काहीतरी — गाडी! तोंडातून निघून गेलं, “वर चला.”
कुणीही एकाने असं म्हटलं की दुसऱ्याने आधी वर न्यायचं, कारण मागाहून विचारायचं. माझा शब्द संपायच्या आत त्यांचा हात पुढे गेला होता. एवढं अवाढव्य धूड, मागे पावणेदोनशे माणसं, आणि माझ्या दोन शब्दांवर आभाळाकडे वळलं!
दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा कळलं. गाडी नव्हतीच. डांबराचं नवं ठिगळ! माझ्यापायी सगळ्यांना वीस मिनिटं उशीर. हेडमास्तरांनी वही काढून काहीतरी लिहिलं. निकाल परवा. संपलं सगळं.

२१ मार्च
पास!
कागद हातात देताना म्हणाले, “ते ठिगळ मला माहीत होतं. आदल्या दिवशी मीच त्यावरून उतरलो होतो. तुला आधी सांगायला हवं होतं. तेही लिहून दिलंय.”
मी विचारलं, “माहीत होतं, तर वर का नेलंत?”
“तू म्हणालीस ना.”