अर्धी गोळी

प्रिय बासूदादा,

तुझी आई, माझी मावशी, गेली तेव्हा तू फ्रान्सहून फोनवर विचारलंस, "इत्तो, तू दवाखान्यात नर्स असून असं कसं झालं?" मी म्हणाले, नशीब. ते खोटं होतं.

वर्षभर तिचा रक्तदाब उतरत नव्हता. दर महिन्याला मी तिच्यावर डाफरायचे, "चोरून खारवलेले ऑलिव्ह खातेस ना?" ती हसायची. "खाते बाई. म्हातारपणी जीभ ऐकत नाही."

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी शेजारची तूदा आली. तिलाही रक्तदाबाचा त्रास आहे, पण ओळखपत्र नाही, म्हणून दवाखान्यात तिचं नावही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझी मावशी रकिया रोज भाकरीबरोबर तिची अर्धी गोळी अंगणाच्या भिंतीवरून मला द्यायची. म्हणायची, भट्टीतली भाकरी आपण एकटीने खात नाही, मग गोळी कशी खाऊ? आता मला कोण देणार गं?"

दादा, मी ऑलिव्हच्या मागे लागले. गोळ्यांचं कधी विचारलंच नाही.

दवाखान्याच्या वहीतून मावशीचं नाव मी अजून काढलेलं नाही. महिन्याच्या महिन्याला तूदा येते, मावशीच्या नावावर पुऱ्या गोळ्या नेते, आणि तिच्या रक्तदाबाचा आकडा मी मावशीच्या पानावर लिहिते. डॉक्टरांना कळलं तर माझी नोकरी जाईल. म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहणार.

पण कुणाला तरी सांगायचं होतं. काल त्या पानावर तुझ्या आईचा रक्तदाब पहिल्यांदाच उतरला.

तुझी मावसबहीण,
इत्तो