टिलमनच्या दुकानातलं माझ्या मापाचं पिस्तूल

मस्कीट फ्लॅट, टेक्सस
डिसेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप लोरीनताई,

धाकट्या वर्नाचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज. खरंच वाकले तर उठवायला इथे कुणी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाची हवा त्याला मानवते असं तू दर पत्रात लिहितेस आणि पुढच्याच ओळीत तो ठणकतो म्हणतेस, तेव्हा नक्की काय ते एकदा ठरव. इकडे सगळं ठीक. अंगणातली पेकानची, ती अक्रोडासारखी, झाडं यंदा लगडली होती, पण निम्मे दाणे खारींनी नेले. आमचे हॉलिस असते तर त्यांना शिव्या घालत अंगणभर फिरले असते. आता ते काम माझ्याकडे आलंय आणि मला काही ते जमत नाही.

बातमी अशी की मी पिस्तूल घेतलं. घाबरू नकोस आणि हसूही नकोस. (हसलीसच. मला इथे ऐकू आलं.)

झालं असं की शेजारच्या गिलरीच्या पंपघरातून कुणीतरी तांब्याच्या तारा चोरून नेल्या. ही बातमी डॅलसला आमच्या ड्वेनच्या कानावर गेली आणि एरवी सणासुदीला आई आठवणारा माझा लेक रोज फोन करायला लागला. "आई, एक तर पिस्तूल घे आणि तुला ते चालवता येतं हे मला दाखव, नाहीतर नाताळात मी तुला इकडे आणतो आणि घर विकायला काढतो." त्याच्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. ताई, या घरात मी नवी नवरी म्हणून आले, इथल्याच पायरीवर बसून हॉलिसनी शेवटची कॉफी घेतली, आणि मी म्हातारपणी भिंत बघत बसू? म्हटलं, पिस्तूल तर पिस्तूल.

हॉलिसचं जुनं रिव्हॉल्व्हर ड्वेनकडे गेलं, ते बरंच झालं. ते ट्रकमध्ये सापांसाठी असायचं आणि माझ्या आठवणीत त्यांनी ते एकदाच झाडलं. समोर खुळखुळ्या साप, यांनी नेम धरला आणि आमच्याच ट्रकचं चाक फोडलं. साप सावकाश निघून गेला. आम्ही घरापर्यंत चालत आलो, उन्हं उतरत होती, आणि वाटभर यांनी माझा हात सोडला नाही. लाजले होते बिचारे. आपल्या घराण्यात नेम होता तो तुझा. बाबा कोठारामागे पीचचे रिकामे डबे मांडायचे, तू एकेक उडवायचीस आणि मी डोळे मिटून घोडा दाबायचे. "वर्ना, डबा पळून जात नाही गं, डोळे उघड!" हे बाबांचं वाक्य मला अजून रस्ता ओलांडतानासुद्धा ऐकू येतं.

तर मी गेले टिलमनकडे. होय, तेच आपलं बुटांचं दुकान! आता म्हाताऱ्याचा नातू रस्टी तिथे बंदुका विकतो. पण बाकं तीच, आणि पाय बघायचा तो जमिनीलगतचा तिरका आरसाही तिथेच. (हातात पिस्तूल घेऊन मी त्यात माझे घोटे बघितले. सुजलेत.) शाळा सुरू व्हायच्या आधी आई आपल्याला तिथे न्यायची, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायची आणि म्हणायची, "एक बोट मोठाच द्या, पोरी वाढतायत." मला तर चामड्याचा तो वासही आला.

रस्टीने आधी गुलाबी पिस्तूल काढलं. "काकू, बायकांना हे फार आवडतं." मी म्हटलं, बाळा, माझ्या वयाला गुलाबी रंग फक्त पोटाच्या औषधात शोभतो. मग मीच सगळ्यात लहान आणि हलकं बघून एक उचललं. म्हटलं, लहान आहे, हळू चावेल. दुकानामागच्या नेमबाजीच्या मैदानावर नेऊन झाडलं तर मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या! रस्टी म्हणाला, "हलकं असतं तेच जास्त उसळतं, काकू. वजनदार असलं की धक्का ते स्वतः खातं." मला एकदम भरून आलं. हॉलिसही चांगले वजनदार होते, आणि या घरातले सगळे धक्के त्यांनीच खाल्ले. रस्टीला वाटलं, मनगट दुखतंय.

पुढच्या पिस्तुलात गोळी चढवायला त्याचा वरचा भाग मागे ओढायचा, त्याला माझे सांधे तयार होईनात. मग त्याने युक्ती दाखवली, की वरचा भाग मुठीत गच्च धरायचा आणि खालची मूठ पुढे ढकलायची. लोणच्याची अडलेली बरणी आपण अशीच उघडतो, मग मला कोण शिकवणार! शेवटी एक मध्यम, बऱ्यापैकी जड पिस्तूल हातात नीट बसलं. मी सवयीने बोलून गेले, "यातच एक बोट मोठं दे." रस्टी गंभीरपणे म्हणाला, "काकू, हात आता वाढणार नाही."

पर्समध्ये ठेवीन म्हटलं, तर म्हणतो, "पर्स कुठाय तुमची?" ती गाडीच्या टपावर राहिली होती. त्यामुळे पिस्तूल चापाला झाकणाऱ्या म्यानात, कमरेला, वरून हॉलिसचा ढगळ सदरा. रस्टीची ताकीद अशी की दिसता कामा नये आणि कुणाला कळता कामा नये. रविवारचा विचार दोघांनीही केला नव्हता.

ताई, आपल्या चर्चमध्ये मिठी मारल्याशिवाय कुणी कुणाला साधी खुर्चीसुद्धा देत नाही! माझ्या बाकावरच्या नेडीनने मिठी मारली आणि तिचा हात माझ्या कमरेपाशी थबकला. "कुठलं गं घेतलंस?" पुलावाची पाककृती विचारावी तशा आवाजात. मग पाद्रीबाई आल्या. आमची मिठी झाली आणि दोघींच्या कमरेतून खण्ण असा आवाज आला. (त्यांच्या फुलाफुलांच्या झग्याखाली! आणि आपण त्यांना गरीब गाय समजत होतो!) जेवणाची ताटं मांडेपर्यंत अख्ख्या सभागृहाला माझं गुपित कळलं होतं. बहिरे पर्सेलआजोबा पलीकडच्या टेबलावरून ओरडले, "वर्ना, मागे सरकवून लाव, बसताना टोचेल!" पण खरं सांगू? त्या दिवशी तपासणीच्या निमित्ताने प्रत्येकीने मला दोनदोनदा जवळ घेतलं, आणि मला फार बरं वाटलं. हॉलिस गेल्यापासून आठवडाभरात मला कुणाचा हात लागतो तो तेवढाच.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला ड्वेन आला. मी डोळे उघडे ठेवून डबे पाडले. तो समाधानाने परत गेला. म्हणजे घर वाचलं, आनंद आहे.

तुझी सशस्त्र बहीण,
वर्ना

ता.क. पुढचं ड्वेनला कळवू नकोस. गेल्या बुधवारी दुपारी दार वाजलं. रस्टीची शिकवण अशी की आधी आतूनच कोण ते विचारायचं. मी धावत जाऊन, केस सारखे करून, न विचारताच दार सताड उघडलं. छपरं दुरुस्त करणारा कुणी अनोळखी माणूस होता. त्याला स्वयंपाकघरात बसवून पेकान-पाईचा गोड तुकडा खायला घातला, उठायला लागला की कपात कॉफी ओतली. निघताना तोच मला म्हणाला, "काकू, असं कुणालाही घरात घेऊ नका." पिस्तूल कमरेला आहे हे मला बशा धुताना आठवलं.

ता.ता.क. तेव्हा मला चोराची भीती नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू इथे राहायला ये. शिवणाची खोली खालच्या मजल्यावर आहे, तुझ्या गुडघ्याला जिना नको. मी ती रिकामी करून पडदे लावलेत.

आणखी एक. ड्वेन नुसत्या माझ्या नेमबाजीवर समाधानी नव्हता. "नेम ठीक, पण तू एकटीच ना," असं म्हणाला, तेव्हा मी सांगून टाकलं की लोरीनमावशी कायमची राहायला येतेय. मग तू पोचलीस असंही कळवलं, आणि आता तो दर रविवारी "मावशीला फोन दे" म्हणतो. तू गेले दोन रविवार आंघोळ करते आहेस. लवकर ये.