डब्यात घातलेली साखर

आई, मागच्या आठवड्यात मी एकटीच गाडी घेऊन नागपूरहून निघाले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, एकटी काहून, आणि मग दारात उभी राहून गाडीच्या चाकावर तांब्याभर पाणी घातलं असतंस. लेक शिकायला बाहेर गेली आहे, यांना सुट्टी नव्हती, आणि मला किती वर्षांनी कुणाच्या तरी घरी नुसतं जाऊन बसावंसं वाटलं होतं. एक मुक्काम अमरावतीला, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे. दुसरा अकोल्याला, तिच्याकडे. तिच्याकडे म्हटलं की तुला कळेल. मूर्तिजापूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आपल्या मागच्या ओळीत राहायची ती. चौथीपासून आम्ही एकत्र शाळेत जायचो. तिचाच फोन आला होता. म्हणाली, बुद्धपौर्णिमेला ये, माय तुझी फार आठवण काढते, खीर करणार आहे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ते कशामुळे, हे तुला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. आपण त्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलो ते पहिलंच वर्ष. पौर्णिमेच्या दुपारी ती हातात स्टीलचा डबा घेऊन दारात आली. डबा गरम होता म्हणून फडक्यात धरला होता. मायनं खीर पाठवली, म्हणाली. तू हसून डबा घेतलास, तिच्या डोक्यावरून हात फिरवलास, आतून दोन लाडू आणून तिच्या हातावर ठेवलेस. ती गेल्यावर डबा माझ्या हातात दिलास. आवाजही चढवला नाहीस. ‘हे मांगं टाकून ये. कोनाले दिसू देऊ नको.’ मी नऊ वर्षांची. कोपऱ्यावरच्या नाल्याशी जाऊन मी डबा उलटा केला. दुधाच्या पांढऱ्या ओघळात चारोळ्या आणि मनुका होत्या, नाल्याच्या काळ्या मातीवर त्या ओल्या चमकत होत्या. एक कुत्रं आलं आणि चाटू लागलं. मी परत आले तेव्हा तू राख घेऊन बसली होतीस. डबा तीनदा घासलास, पुसलास, त्यात काठोकाठ साखर भरलीस, आणि म्हणालीस, ‘रिकामा डबा देऊ नये कोनाचा. नेऊन दे. लय छान झाल्ती म्हन.’ मी नेऊन दिला. लय छान झाली होती, असं म्हटलं. ते बौद्ध होते आणि आपण कोण होतो ते तू कधी तोंडानं सांगितलं नाहीस, पण त्या दुपारी मला कळलं.

मोझरीला थांबले. ऊन इतकं की चहाच्या टपरीवरचं बाकडं हाताला चटका देत होतं. या मोझरीच्या आश्रमात तू मला कितीदा आणलंस. सगळ्यांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून, डोळे मिटून प्रार्थनेत बसायचीस. शेजारी कोण बसलंय ते पाहायची नाहीस. तुझा आवाज गोड होता आणि शब्दही तुला सगळे पाठ होते. चहा पिताना मला तो आवाज आठवला आणि पाठोपाठ राखेनं घासला जाणारा डबा आठवला. दोन्ही आवाज एकाच बाईचे. चहा अर्धाच टाकून उठले.

अमरावतीच्या मैत्रिणीनं छान स्वागत केलं. तिचा नवरा म्हणाला, ‘एकटी आल्या तुमी? रस्त्यात पंक्चर झालं असतं त कोनाले फोन लावला असता?’ ती म्हणाली, ‘तुमाले नसताच लावला. तुमाले जॅक कुठं ठेवलाय ते तरी मालूम हाय का?’ आम्ही खूप हसलो. गोळाभात केला होता तिनं, वरून तापलेलं तेल, लसणाचा चरचरीत वास. हात धुवायला मागच्या बाजूला गेले तेव्हा खिडकीच्या जाळीत एक कप अडकवलेला दिसला. कान तुटलेला, आत चहाचं जुनं कडं बसलेलं. विचारलं तर सहज म्हणाली, कामवालीचा. वेगळा काहून, म्हटलं. ‘अगं स्वच्छतेसाठी. आपन काही पाळत नाही आता.’ मग उद्याचं विचारलं तिनं. अकोल्याला जठारपेठेत जाते, बुद्धपौर्णिमेचं जेवण आहे म्हटल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, ‘जेवनार हाय तिथं? मुक्कामालेबी?’ त्या खाली आणलेल्या आवाजाची मला किळस आली, आई. भात अजून ताटात होता आणि त्यातलं तेल मला नाल्यावरच्या ओघळासारखं दिसायला लागलं. पण मी काय केलं? ‘जुनी मैत्रीण आहे गं,’ एवढंच म्हटलं, जणू मलाच माफी मागायची होती. आणि ताट पुसून खाल्लं. कारण तू शिकवलंस, कुणाच्या घरी अन्न टाकू नये.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला गाडी आत वळवली. क्वार्टर्स आता कुणी वापरत नाही, दारांना फळ्या ठोकल्यात. नाला मात्र आहे. प्लास्टिकनं भरलाय. मी काच खाली केली, वास आत आला, काच वर केली.

अकोल्याला तिचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ती आता शाळेत मुख्याध्यापिका आहे. दार तिच्या मायनं उघडलं. ऐंशीच्या पुढची बाई, कमरेत वाकलेली, पांढरं लुगडं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, ‘आली वं माय. अगदी आईवर गेली तू.’ या वाक्यानं मला जेवढं पोळलं तेवढं त्या बाकड्यानंही नव्हतं पोळलं. मला समोर बसवून वाटीत खीर घातली. तोच वास, वेलदोड्याचा आणि आटलेल्या दुधाचा. तीच चारोळी. ती सांगत होती, ‘तुई माय लय मोठ्या मनाची बाई होती. सगळ्या लाइनीत मी डबे धाडो. बाकीच्या बाया रिकामा डबा वापस करत. समोरच्या घरचे पोट्टे त डबा चाटूनपुसून देत, मंग त्यात काय राह्यन? पन तुया मायनं कदी रिकामा नाही धाडला. काठोकाठ साखर. मी आताबी सुनायले सांगतो, डबा वापस करावा त असा.’

समोरच्या घरच्यांनी खीर खाल्ली होती, आई. पोरांनी बोटं घालून डबा चाटला आणि तसाच दिला. आणि या बाईच्या मनात ते कमी पडले, तू मोठी झालीस. मी चमचा तोंडात घेतला आणि गिळता येईना. सांगून टाकावं असं इतकं वाटलं की जीभ टाळ्याला लागून सुटली. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडी मान हलवली. नाही, अशी. मी खीर गिळली. म्हातारीनं दुसऱ्यांदा वाढली.

सकाळी निघताना मैत्रीण गाडीपर्यंत आली. हातात डबा होता, मायनं नागपूरला न्यायला दिलेला. कडीचा, जुना, बहुतेक तोच. गाडीच्या टपाला टेकून ती म्हणाली, ‘मले माहीत हाय. पाचवीत असताना मी तुया मांगून आल्ती, तुले हाक मारायले. नाल्यापाशी पाह्यलं तुले.’ मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, ‘कोनाले सांगू? माय त्या साखरेचा चहा करे आनं बाबाले म्हने, पाहा, मानसं अशी असतात. तिचं ते मोडू नको तू. आता किती दिवस हायेत तिचे.’ मी काहीतरी बोलू लागले तर तिनं हात वर केला. ‘तू लहान होती. तुया मायनं सांगतलं असन.’ मी मान हलवली. मग तिनं डबा पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, जसा लेकराला लावतात, आणि म्हणाली, ‘आनं डबा वापस देशीन ना, तवा रिकामा दे.’

बोरगाव मंजूच्या पुढे एका कडुनिंबाखाली गाडी लावली. खीर उन्हानं कोमट झाली होती, आणखी तासाभरात नासली असती. चमचा नव्हता. बोटांनी खाल्ली, समोरच्या घरच्या पोट्ट्यांसारखी, डब्याच्या कडा पुसून. तळापर्यंत थांबले नाही. ते खाणं चांगलं वाटलं असं खोटं सांगणार नाही. तुझी किळस येत होती, एकोणीस वर्षं झाली तुला जाऊन तरी. तुझ्या गोड आवाजाची, राखेच्या हातांची, त्या काठोकाठ साखरेची सगळ्यात जास्त. हे तुला लिहायचं म्हणून आज बसले.

पण लिहिता लिहिता इथवर आले आणि आता पुढचं राहिलंच आहे. तू मला टाकून ये म्हणालीस ते त्या पहिल्या वर्षीच. नंतर एकदाही म्हणाली नाहीस. दुसऱ्या वर्षापासून मी डबा तिच्या हातातून घ्यायचे आणि घरात न येताच मागे जायचे; रिकामा डबा आणून ठेवला की तू न विचारता साखर भरायचीस. पाचवीच्या वर्षीही तसंच. बहुतेक सातवीत होते, तू चुलीपाशी होतीस, मी रिकामा डबा ठेवला तर तू विचारलंस, ‘काय होतं?’ मी म्हटलं, खीर, टाकली. तू म्हणालीस, ‘टाकली?’ आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. मग उठून साखरेची बरणी काढलीस. त्या ‘टाकली?’मध्ये काय होतं, मला अजून ठरवता येत नाही. त्या दिवशी मी डबा घरात आणला असता तर तू काय केलं असतंस, तेही नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. डबा ओट्यावर पालथा आहे, स्वच्छ, रिकामा. तो परत द्यायला जाईन तेव्हा मैत्रिणीला एवढं सांगायचं आहे की गाडीपाशी मी मान हलवली, ते खोटं होतं. सांगेन की नाही, ठाऊक नाही.