मेंढरं मोजणारा

१२ नोव्हें. ७५
आणीबाणीतला कचेरीचा नवा हुकूम. गावात बाहेरचं कोण आलं, किती दिवस राहिलं, मास्तरांनी लेखी कळवायचं. मुख्याध्यापकांनी मला नेमका धनगरांचा तळ दिला. "तुमचीच माणसं, बाई." यंदा तिथं धाकटा भाऊ भिवाच उतरलाय, हे त्यांना ठाऊक असणार. की नसेल? हल्ली कुणी 'बरं आहे ना' विचारलं तरी मनात पाल चुकचुकते.

१४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर तळावर. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवलीत, खतासाठी. भिवा, दोघे चुलते, चुलतभाऊ. आणि पाचवा एक, घोंगडं पांघरलेला. नाकावर चष्म्याचे वण, हाताला घट्टा नाही. भिवा म्हणे, जतकडचा पाव्हणा.
मेंढरं पाण्यावरून परतली तर हा बोटानं मोजायला लागला! आमच्यात मोजत नाहीत, मोजली की घटतात, तोंडावरून ओळखतात. थोरला चुलता झटकन त्याच्या आडवा उभा राहिला. तेवढ्यात बांधापलीकडून मुख्याध्यापक सायकल ढकलत चाललेले. मला हात केला. त्यांच्या घराची वाट ती नव्हे.

१६, रवि.
भिवाला बाजूला घेऊन विचारलं, कोण हा?
"आक्का, जेवाय बसल्याल्या माणसाला आमी नाव इचारत न्हाई."
माहीत आहे त्याला सगळं. म्हटलं, तुला धरून नेलं तर कुठं ठेवलंय तेही कळणार नाही. उंब्रजच्या शिंप्याला नेलं, बायको अजून दारोदार विचारत फिरतेय.
तर म्हणतो, "तू लिवणार हाईस का?"
सख्ख्या भावानं हे विचारावं. लय लागलं. घरी येऊन रडले.

१७
लिहिलं: माणसं चार, सर्व नात्यातली. खाली सही.

१८
तळ पहाटेच उठला. कुठल्या वाटेनं, मी विचारलं नव्हतं.
मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मेंढरं मोजणारा धनगर मी पहिल्यांदाच बघितला, बाई."
बाकीच्यांचे कागद टपालाच्या पिशवीत गेले. माझा घडी घालून त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. मला वाचवायला, की पुरावा म्हणून जपून ठेवायला?
दुपारी मुलांकडून पाढे म्हणून घेतले. कुठं चुकले, ऐकूच आलं नाही. मुख्याध्यापक व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. कागद अजून खिशातच आहे.