पिठाची गोळी

३ जून
ट्रायलची गोळी आजपासून सुरू. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरबाईंनाही माहीत नाही. या माझ्याच विद्यार्थिनी. बेडूक नीट कापता आला नाही म्हणून मी त्यांना प्रॅक्टिकलला नापास केलं होतं. मनात ठेवलेलं दिसत नाही. पार्किन्सनची नेहमीची औषधं चालूच ठेवायची, कॉफी मात्र पूर्ण बंद.
ध्येय: एकट्याने जिना उतरून रस्त्यावर जाणे. सध्या बायको सोडत नाही. दारात माझे पाय चिकटतात म्हणे.

७ जून
फरक शून्य. पिठाचीच आहे. पुरावे: चघळून पाहिली, गोडसर लागली. शिवाय फुकट मिळते. जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय, मला कोण बनवणार!

१० जून
सकाळी स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. अडकलो नाही, थांबलो. फरशीचं डिझाइन बघत होतो. बायको म्हणाली, अहो, दूध उतू गेलं तरी तुमचं डिझाइन संपेना.
तिला शास्त्र समजावलं. डोपामिन म्हणजे अॅक्सिलरेटर, अडेनोसिन म्हणजे ब्रेक. मेंदूतल्या एकाच पेशीवर दोघांचे रिसेप्टर शेजारी शेजारी. डोपामिन कमी पडलं की ब्रेकचंच राज्य. खरं औषध अडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, मग ब्रेक लागत नाही. ती म्हणाली, बरं, आता गाडी बाजूला घ्या, मला बाहेर यायचंय.
एक गोष्ट सांगितली नाही. कॉफीसुद्धा त्याच जागेवर जाऊन बसते. म्हणून तर ट्रायलमध्ये तिला बंदी. पण ज्याच्या वाट्याला पीठ आलंय, त्याने कॉफी का सोडावी?

१२ जून
वॉचमनकडून कॉफी पावडर मागवली. गिझरचं गरम पाणी, दाढीचा मग. चव साबणाची, पण औषध कुठे चवीसाठी घेतात? गोळीही घेतोय, डॉक्टरबाईंचं मन मोडू नये म्हणून.

२६ जून
चमत्कार! घरातली चारही दारं न थांबता पार केली. साबणाची कॉफी जिंदाबाद.

४ जुलै
एकटा खाली उतरलो! कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसलो. केस वाढले नव्हते, तरी कापून घेतले. वर पाहिलं तर बायको गॅलरीत डोळे पुसत होती. घरी आल्यावर म्हणाली, गोळी लागू पडली हो. बिचारी!

९ जुलै
तपासणी. मला कॉरिडॉरमधून चालताना बघून डॉक्टरबाई खूश. बायको त्याहून खूश. या दोघींना सत्य झेपणार नाही. रक्त घेतलं.

१३ जुलै
रक्तात कॅफीन सापडलं. मी चॉकलेट म्हणालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, सर, इतकं चॉकलेट खाल्लं असतंत तर चालत आला नसतात, उचलून आणावं लागलं असतं. ट्रायलमधून बाद. उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. घरी येऊन बायकोने दाढीचा मग हुंगला. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे बरेच प्रकार मला पाठ आहेत, हा नवीन होता.
तिला म्हणालो, नुकसान काय? पीठ सुटलं. कॉफी आता राजरोस, कपबशीतून. उलट फायदाच.

२९ जुलै
दारात दोनदा थांबलो. पावडर शिळी निघाली. ब्रँड बदलणे.

६ ऑगस्ट
दोष चपलांचा आहे. फेकून दिल्या.

१९ ऑगस्ट
बायको बाजारात गेली होती. बाथरूमच्या दारात पाय रुतले. डोकं म्हणतंय चल, पाय ऐकायला तयार नाहीत. समोर टेबलावर फोन वाजत होता. मुलीचाच असणार, या वेळी तीच करते. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी तिथेच. घाबरलो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार घाबरलो.
बायको आली. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिने स्वतःचा पाय माझ्या पायापुढे आडवा धरला आणि म्हणाली, ओलांडा. ओलांडला.
कॉफी दुप्पट करणे.

११ सप्टेंबर
दुप्पट कॉफी. झोप नाही. दारं तशीच. आता घरातल्या घरातही एकट्याने फिरायला मनाई आहे.

८ ऑक्टोबर
डॉक्टरबाईंचा फोन. ट्रायल संपली, याद्या उघडल्या. म्हणाल्या, सर, तुमची गोळी खरी होती.
पुन्हा मिळेल का, विचारलं. नाही म्हणाल्या. औषध अजून बाजारात नाही, यायला काही वर्षं लागतील, येईलच असंही नाही. मग त्यांनी तब्येत विचारली. उत्तम आहे म्हणालो.
फोन ठेवला. बायको आतून म्हणाली, काय हो, काय म्हणाल्या?
मी म्हणालो, पिठाचीच होती.
ती म्हणाली, म्हणजे तुमचंच खरं निघालं, मी उगाच इतके दिवस मनात राग धरला. आणि तिने गॅसवर कॉफीचं पाणी ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. कप तिने बाहेर आणून दिला.